अनुभव धागा : हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोक्याची काळजी, कोकणच्या हवापाण्यात

ट्रान्सप्लांट होतं मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरला आणि पुढचे पंधरा दिवस काढायचे वेंगुर्ल्यात किंवा गुहागरात. क्लिनिकने दिलेल्या कागदात विहिरीचं पाणी नसतं, मे महिन्यातला घाम नसतो, ठेंगणी चौकट तर नसतेच. म्हणून हा धागा. आपण का केलं, कोण काय बोललं, हे नको. किती, कितव्या दिवशी, काय बिघडतं आणि का, एवढंच लिहा. इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याशी जुळलं नाही, तर डॉक्टरांचं ऐका.

ड्रेसिंगचं काम, रत्नागिरी

आधी ग्राफ्ट (म्हणजे मागून काढून पुढे लावलेलं केसाचं मूळ) कधी रुजतो ते समजून घ्या, बाकीचे सगळे नियम त्यातून येतात. पहिले दोन दिवस केस ओढला गेला तर ग्राफ्ट मुळासकट येतो. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढला तर येत नाही, पण घट्ट चिकटलेली खपली उपटली तर तेव्हाही येऊ शकतो. नवव्या दिवसानंतर ग्राफ्ट पक्का. म्हणून पहिल्या आठवड्यात खाजवणं बंद, नंतर खपली काढायची ती भिजवूनच.

पहिले तीन दिवस जागेपणी दर अर्ध्या-एक तासाने सलाईनचा फवारा. बाटली वीतभर लांब धरा, थेंब ओघळायला लागले की थांबा. रक्ताचा चिकट द्रव वाळला की त्याची कडक खपली होते आणि ती ग्राफ्टला धरून बसते. ओली राहिली तर पातळ होते.

पहिलं धुणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, क्लिनिक सांगेल तेव्हा. मगभर कोमट पाण्यात चमचाभर बेबी शॅम्पू, हाताने फेस करून तो फेस डोक्यावर नुसता ठेवायचा. पाच मिनिटांनी मगाने हळूहळू पाणी सोडायचं. शॉवर नको, नळाखाली डोकं नको. टॉवेल घासायचा नाही, कपाळ-मान टिपायची, वरचा भाग हवेवर वाळू द्यायचा. आठव्या-दहाव्या दिवसापासून फेस दहा मिनिटं ठेवून बोटांच्या पेरांनी (नखांनी नव्हे) हलकेच गोल फिरवा. चौदाव्या दिवसापर्यंत खपल्या गेल्या पाहिजेत. भीतीपोटी डोक्याला हातच न लावणारे लोक जास्त बिघडवतात. महिनाभर खपली तशीच राहिली की खाली पुटकुळ्या होतात.

औषधांचं दुकान, कणकवली

फवाऱ्यासाठी घरी मीठ कालवू नका. ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम, ते चमच्याने जमत नाही. नॉर्मल सलाईनच्या १०० मिलीच्या बाटल्या स्वस्त मिळतात. एक फोडली की फ्रीजमध्ये ठेवा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्या. फवाऱ्याची बाटली नवी घ्या, गुलाबपाण्याची जुनी नको.

दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्त पाझरत राहतं. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती बंद-चालू करणं डॉक्टरांचं काम. सुजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर सकाळी, खाऊन. मधुमेह असेल तर साखर वाढते, आधी सांगा. मिनॉक्सिडिल (केस वाढायला डोक्याला लावायचं औषध) दोन ते चार आठवड्यांनी, विचारूनच. केसगळतीवरच्या फिनास्टराइडची गोळी फुटली-चुरली तर घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये.

सिगारेट बंद सांगितली की लोक मशेरी चालू ठेवतात. निकोटिन तेच, रक्तवाहिन्या तशाच आवळतात. निदान दोन ते चार आठवडे दोन्ही बंद.

मालवण

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ओळख सोपी : शॅम्पूला फेस कमी येतो. त्या पाण्याने धुतलं तर खपल्यांवर क्षार बसतात आणि खाज वाढते. उकळून जंतू मरतात, खारटपणा जात नाही, पाणी आटल्याने उलट थोडा वाढतो. एका धुण्याला चारेक लिटर लागतं. वीस लिटरचे दोन जार आणले की दहा दिवस निघतात.

समुद्राचं पाणी म्हणजे सलाईनच की, असं म्हणणारे भेटतात. समुद्रात मीठ साधारण ३.५ टक्के, सलाईनच्या चौपट, वर वाळू आणि जंतू. महिनाभर समुद्रस्नान नाही, पोहण्याचा तलावही नाही. ट्रॉलरवर जाणाऱ्यांनी तितकीच रजा टाकावी.

कुडाळ

आणि खोबरेल! घरातली म्हातारी माणसं आठव्या दिवशी वाटी घेऊन बसतात. तेल लावूचा नाय म्हणजे नाय, निदान महिनाभर. इथल्या दमट हवेत घाम, तेल आणि खपली एकत्र आली की केसाच्या मुळाशी पुटकुळ्या होतात. एखाददुसरी असेल तर स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, दहा मिनिटं शेकायची; पिळायची नाही. नवे केस बाहेर येताना, दोन ते चार महिन्यांनी, अशा पुटकुळ्या परत येतात, त्यात वावगं काही नाही. संख्या वाढली, पू आला तर दाखवा.

जुन्या घरात माजघराच्या चौकटीला लाल फडकं बांधा. हसू नका. तिसऱ्या दिवशी चौकट लागली तर दहा-वीस ग्राफ्ट जातात. रक्त आलंच तर गॉज पंधरा मिनिटं दाबून धरा, सारखं उचलून बघू नका.

चिपळूण

परतीचा प्रवास : रेल्वेत मधली किंवा वरची बर्थ नको, बसताना डोकं आपटतं. एसटीत सीटच्या पाठीला मागची बाजू घासते आणि डोनर एरिया, म्हणजे जिथून केस काढले ती जागा, तिथेच असतो. इंग्रजी यू आकाराची उशी घ्या, घाटात डोकं तिच्यावर ठेवा. तीच उशी पुढे झोपायला. पाच रात्री ४५ अंशांत, म्हणजे पाठीशी दोन-तीन उशा किंवा सरळ आरामखुर्ची.

सूज तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरून डोळ्यांवर उतरते. ऑपरेशनच्या वेळी टाळूत भरलेलं औषधी पाणी खाली ओघळतं, बाकी काही नाही. बर्फ कपाळावर, फडक्यात गुंडाळून, दहा मिनिटं. ग्राफ्टवर कधीच नाही.

ड्रेसिंगचं काम, रत्नागिरी

एक राहिलं. ग्राफ्टच्या मध्यभागी जांभळट-काळसर डाग, तिसऱ्या दिवसानंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढणारी दुखी, ताप, वास येणारा पू : यातलं काहीही दिसलं तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. डाग म्हणजे तिथलं रक्त कमी पडतंय, तासातासाचा फरक पडतो. क्लिनिकमधून निघतानाच ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, ग्राफ्टची संख्या आणि रात्री उचलला जाणारा फोन लिहून घ्या. हे काम शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचं, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

दापोली, सलून

गिऱ्हाईक येतं तेव्हा विचारावं लागतं. कात्री तीन-चार आठवड्यांनी. मागच्या बाजूला मशीन महिन्याने, पुढच्या लावलेल्या भागावर तीन महिने नाही. डाय सहा आठवड्यांनंतरच. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळतात, मूळ आत शाबूत असतं. नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, पुरता निकाल वर्षाने, भोवऱ्यापाशी त्याहून उशिरा.

हेल्मेट दोन आठवडे नाही, म्हणजे दुचाकीही नाही. नंतर आत धुतलेला सुती रुमाल, रोज बदलून. पावसात रेनकोटची टोपी ओलीच डोक्यावर ठेवून फिरू नका. आणि तारीख ठरवताना शिमगा बघा : पालखी नाचवून घामाघूम झालेल्या, गुलालाने भरलेल्या डोक्याचं ट्रान्सप्लांट निदान महिनाभर आधी झालेलं हवं.