शब्दचर्चा : प्लवक की प्लवंग?

प्रश्न : सोलापुरातल्या शाळांसाठी पाण्यात तरंगणाऱ्या जीवांचा (इंग्रजीत ‘प्लँक्टन’) मराठी तक्ता करायचा आहे. निम्मे फोटो हिपरगा तलावाच्या पाण्याचे, मायक्रोस्कोपखालचे. निम्मे समुद्रातले, पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे. मथळ्यात ‘प्लवक’ लिहावं, ‘प्लवंग’ की सरळ ‘सूक्ष्मजीव’?

उत्तर : ‘प्लवक’च लिहा. ‘प्लु’ धातूत तरंगणंही आहे आणि उडी मारणंही. ‘प्लवंग’ उडीकडे गेला : माकड, बेडूक. साठ संवत्सरांतही एक ‘प्लवंग’ आहे, त्यामुळे घोळ होईल. ‘सूक्ष्मजीव’ तर चूकच. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सननं १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हा शब्द घेतला तो ‘भटकणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून; त्यात आकाराची अट नाही. प्रवाहाविरुद्ध पोहून जाता येत नाही तो प्लवक. परातीएवढी जेलीफिशही त्यात बसते.

दुसरं उत्तर : मथळ्यापेक्षा फोटोंखालच्या नावांना जपा. तलावातल्या प्रत्येक कोपेपॉडला (कोळंबीच्या गोतातला बारीक जीव) ‘सायक्लोप्स’ म्हणायची सवय आहे. आधी मिशा बघा. जवळजवळ अंगाइतक्या लांब असतील आणि मादीला अंड्यांची एकच पिशवी असेल, तर तो डायाप्टोमसच्या गटातला. मिशा आखूड आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी, तर सायक्लोप्सचा गट. नारूचा जंत माणसापर्यंत पोचवणारे ते हेच. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, हे तक्त्यावर जरूर टाका. फांद्या फुटलेल्या मिशा हाणत झटक्याझटक्यानं पोहते ती जलपिसू, म्हणजे डॅफ्नियाची मंडळी.

रोटिफरचा (तोंडाशी हलत्या केसांचं चक्र असलेला सूक्ष्म प्राणी) फोटो हवा असेल तर जाळीचं छिद्र ५०-६० मायक्रॉनचं घ्या, १५० च्या जाळीतून ते निसटतात. नमुना टिकवायला थेट फॉर्मॅलिन टाकलंत तर कित्येक जाती आखडून नुसता गोळा होतो आणि ओळख पटत नाही. आधी नमुन्यात थोडं सोडावॉटर (बाटलीतला फसफसणारा सोडा, खायचा सोडा नव्हे) घालून त्यांना सुस्त करा, मग फॉर्मॅलिन.

प्रश्न : आणि समुद्रातल्या फोटोत ‘पारदर्शक साखळी’ दिसते, तिला काय म्हणावं?

उत्तर : साखळीचा एकेक दुवा मोठा करून बघा. सगळे दुवे सारखेच, पिंपासारखे, अंगाभोवती स्नायूंचे पट्टे : सॅल्प. दुवे वेगवेगळ्या कामांचे, वर पोहणाऱ्या घंटा आणि खाली लोंबणारे तंतू : सायफोनोफोर. अंगावर फणीसारख्या आठ ओळी दिसल्या तर टेनोफोर; त्याला जेलीफिश म्हणू नका, तो भक्ष्य पकडतो ते दंशपेशींनी नव्हे, चिकट पेशींनी. त्या ओळींवरचे इंद्रधनुषी रंग केसलांच्या (केसांसारख्या हलत्या बारीक तंतूंच्या) हालचालीत प्रकाश फाकल्यामुळे दिसतात. त्याखाली ‘जीवदीप्ती’ (जीवानं स्वतः निर्माण केलेला प्रकाश) लिहिलेलं सर्रास आढळतं, ते टाळा.

फोटो अस्पष्ट असेल तर गटाच्या नावावर थांबा. ‘कोपेपॉड, जात अनिश्चित’ हे पूर्ण आणि बरोबर नाव आहे. मापपट्टी मात्र प्रत्येक फोटोत हवीच, नाहीतर २ मिलिमीटरचा जीव आणि २० सेंटिमीटरचा जीव तक्त्यावर एकसारखेच दिसतील.