'मळमळ' की 'उमासे'? आणि 'जीव घाबरूलालाय'चं काय करायचं?

चाटीगल्ली:
केमो घेणाऱ्यांसाठीचं एक पत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय. 'नॉशिया'ला बिनदिक्कत 'मळमळ' लिहिलं. काल इथं सोलापुरात वॉर्डातल्या एका आजींना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "मळमळ पित्ताची असती बाई. माझा जीव घाबरूलालाय." पंचाईत अशी, की हेच वाक्य त्यांनी बाहेरगावाहून आलेल्या नव्या डॉक्टरांना सांगितलं होतं आणि त्यांनी लगेच ईसीजी काढला! ईसीजी छान निघाला, मळमळ तिथंच. सोमवारी छपाई आहे. काय लिहू?

सातरस्ता:
ही दखनी उर्दूची सावली. आमच्या शेजारच्या चाची याच अर्थानं 'जी घबरा रा' म्हणतात. आपला शब्द उमासे.

लेखणीबहाद्दर:
उमासे म्हणजे मळमळ नव्हे. मळमळ ही जाणीव, उमासा हा झटका. पोट उसळतं पण बाहेर काही येत नाही. येतं ती ओकारी. आयुर्वेदात मळमळीला हृल्लास आणि ओकारीला छर्दि असे नेमके वेगळे शब्द आहेत. 'हृल्लास' लिहा, रुळेल.

हातमाग:
आमच्या पूर्व भागात हृल्लास वाचून बायका उल्हास समजतील.

चेष्टा सोडा. माझ्या आईला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू होतं. नर्स रोज विचारायची, "उलटी झाली का?" आई म्हणायची नाही. खोटं नव्हतं ते. पण चहा उकळायला लागला की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या औषधाची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उचल खाते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरी न्यायच्या गोळ्या ठरल्या वेळी द्यायच्या होत्या. आम्ही त्या 'उलटी झाली तर' म्हणून डब्यात जपून ठेवलेल्या! आई घरच्या तेलुगूत 'विकारंगा उंदि' म्हणायची, म्हणजे मळमळतंय. मराठी नर्स विचारी, कसला विकार?

तेव्हा एकच शब्द शोधत बसू नका. अन्न समोर आलं की नको होतं का, तोंडात नुसतंच पाणी जमतं का, घास उतरतो का, असं लिहा.

फडताळ:
ओकारी आपण कानडीकडून उचलली, हे माहितेय का? कानडीत ओकरिसु, तेलुगूत ओकरिंचु. पोटातलं बाहेर काढायलाही शेजाऱ्याचाच शब्द.

लेखणीबहाद्दर:
हिंदीत ओकना आहे. तिथं कुठला कानडी शेजारी? 'ओऽऽ' हा आवाजच आहे, त्याला व्युत्पत्ती कशाला. घरी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची 1857 ची आवृत्ती आहे, बघून सांगतो. आणि चाटीगल्ली, पत्रकाच्या शीर्षकात 'साइड इफेक्ट' का? 'दुष्परिणाम' आहे की.

सातरस्ता:
दुष्परिणाम दारूचे असतात हो. केस गळाले, हातापायाला मुंग्या आल्या, त्याला दुष्परिणाम म्हटलं की पेशंटला औषधच वैरी वाटतं. साइड इफेक्ट आता रिक्षावालाही बोलतो.

लेखणीबहाद्दर:
रिक्षावाला बोलतो म्हणून पत्रकात? मग 'बे' पण लिहा.

चाटीगल्ली:
हातमाग, तुमचे प्रश्न उचलते. पण अजून एक अडलंय. पुढची केमो सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या आठवणीनं होणारी मळमळ. माझ्या मावशीला रिक्षा दवाखान्याकडे वळली की उमासे यायचे, सुई दूरच. उपचार संपून दोन वर्षं झाली, स्पिरिटचा वास आला की अजून येतात. याला काय म्हणू?

लेखणीबहाद्दर:
पूर्वमळमळ.

सातरस्ता:
अरे देवा.

हातमाग:
'आठवणीची मळमळ'. आई म्हणाली असती तर असंच.

फडताळ:
'तोंड येणे'चं काय केलंत? 'मुखव्रण' लिहू नका. आमच्या आत्याला विचारलं, मुखव्रण आहेत का? ती नाही म्हणाली. तोंड इतकं आलेलं, की शेंगा चटणी बघूनच डोळ्यात पाणी यायचं. सोलापुरात जन्म घालवून वरण-भातावर दिवस काढले तिनं.

सातरस्ता:
कडक भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

फडताळ:
दुधात कडक भाकरी? सोलापूरचेच ना तुम्ही? आमटीत.

चाटीगल्ली:
मंडळी, सोमवार. मळमळ की उमासे?

लेखणीबहाद्दर:
मोल्सवर्थ सापडला नाही. पण आमटीत घालतात ते कुस्करणं नव्हे, चुरणं.