मदत हवी आहे: मिशनसाठी त्याच देशात परत परत जावं का?

प्रभूमध्ये सलाम सगळ्यांना. आमची टीम परदेशातल्या एकाच मंडळीत (चर्चमध्ये) परत परत सेवेला जाते, ओळखी झाल्यात, भाषाही थोडी जमते, पण आता तिथले लोक प्रत्येक गोष्टीला आमची वाट बघत बसतात आणि हे मला खटकतंय. प्रेषित पौल लुस्त्र, इकुन्य या शहरांत परत गेला खरा (बायबल, प्रेषितांची कृत्ये १४) पण तिथे वडील (म्हणजे मंडळीचे स्थानिक पुढारी) नेमून पुढे निघाला ना! त्यात व्हिसाचा घोळ, टुरिस्ट व्हिसावर उपदेश बऱ्याच देशांत चालत नाही, टीममधले काही म्हणतात कोण बघतंय, मला नाही पटत, निस्तरावं तिथल्यांनाच लागेल. तर असं वारंवार जाणाऱ्यांनी सांगा, जबाबदारी स्थानिकांकडे कशी सोपवली? आणि फेऱ्या कमी केल्यावर लोक दुखावले का?