मराठी शॉर्टहँड: ८० वर अडकले आहे

लातूरकर_स्टेनो
मिनिटाला ८० शब्दांची शॉर्टहँड परीक्षा गेल्या वर्षी पास झाले. आता १०० हवी आहे. चार महिने रोज पहाटे दीड तास डिक्टेशन घेते, पण ९० ला दुसऱ्या मिनिटातच शब्द सुटतात. सुटलेला आठवेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं. ६० वरून ८० दोन महिन्यांत झालं होतं. माझी कुवत इथेच संपली का?

कोर्टातले_काका
ताई, मी एकतीस वर्षं कोर्टात हेच काम केलं. ८० ला सात महिने अडकलो होतो. तुमचा हात नाही, कान अडतोय. "मी आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो" हे तुम्ही सहा शब्द म्हणून ऐकता आणि सहा वेळा पेन उचलता. मी ते दोन तुकड्यांत घ्यायचो: "मी आपल्या निदर्शनास", "आणून देऊ इच्छितो".

एका साक्षीच्या वेळी लक्षात आलं, आपण बोलणाऱ्याच्या पाच शब्द मागे आहोत आणि तरी धास्ती नाही. त्या आठवड्यात वेग चढला तो चढलाच.

रोज पाच मिनिटं ११० चं डिक्टेशन घ्या, सुटेल ते सुटू द्या. मग ९० वर या. आणि स्वतःचं लिहिलेलं मोठ्यानं वाचा, हे कुणीच करत नाही.

मोर्सवेडा
हॅम (हौशी) रेडिओसाठी मोर्स, म्हणजे तारेची टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, शिकताना मीही मिनिटाला १० शब्दांवर रुतलो होतो, कारण टिंब-रेघा मोजत होतो. अक्षराचा अख्खा नाद ओळखू लागलो तेव्हा सुटलो. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर या संशोधकांनी १८९७ व १८९९ मध्ये तार-ऑपरेटरांवर हाच अभ्यास छापला: तार पाठवण्याचा वेग सलग चढतो, घेण्याचा मात्र मध्येच सपाट होतो आणि पुन्हा उसळतो. पण १९५८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी मांडलं की असा सपाट टप्पा यायलाच हवा असं नाही. म्हणून नुसती वाट बघू नका, सरावाची पद्धत बदला.

लातूरकर_स्टेनो
काका, काल "आणून देऊ इच्छितो" एका दमात लिहिलं, पेन उचललं नाही! पण शॉर्टहँडमध्ये वेगासाठी स्वर गाळल्यामुळे वाचताना "इच्छितो" की "इच्छिते" कळेना.

कोर्टातले_काका
डिक्टेशन सुरू होतानाच, बोलणारा पुरुष आहे की स्त्री ते बघून कोपऱ्यात "पु" किंवा "स्त्री" टिपून ठेवा. मी शेवटपर्यंत तेच केलं.