मदत हवी आहे: कलमं पाठ होतात, पण एकमेकांत मिसळतात

मंडळी, राज्यसेवेची तयारी करतोय. राज्यघटनेची कलमं लक्षात राहावीत म्हणून ओळखीच्या रस्त्यावरच्या ठिकाणी मनातल्या मनात चित्रं ठेवायची पद्धत दोन महिने वापरतोय. रस्ता नाशिकचा, रोजचाच: रामकुंड, रविवार कारंजा, मेनरोड, शालिमार, सीबीएस. मूलभूत हक्क झकास बसले. रविवार कारंज्यावर कलम 21 (जगण्याचा हक्क) म्हणून जोरजोरात श्वास घेणारा चिवडेवाला उभा केलाय, तो काही केल्या हलत नाही.

तोच घोटाळा झालाय. त्याच रस्त्यावर मार्गदर्शक तत्त्वं मांडली आणि आता कलम 40 ची ग्रामपंचायत आठवायला गेलो की आधी चिवडेवालाच दिसतो!

घोकून पाहिलं, चार दिवसांत साफ. लाइटनर पद्धतीने (आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात) पाच कप्प्यांत कार्डंही फिरवतोय. व्याख्यांना उपयोग होतो, आकड्यांना नाही. झोप सात तास आहे, तो सल्ला नको. नोकरीमुळे रोज पाऊण तासच मिळतो. अ‍ॅप नको, मोबाइल हातात आला की तो पाऊण तासही गेलाच.

ही पद्धत बरेच दिवस वापरलेल्यांनी सांगा: प्रत्येक यादीला नवा रस्ता घेता, की जुनी चित्रं पुसट होईपर्यंत थांबून तोच वापरता? आणि कलमाच्या आकड्यासाठी वेगळं चित्र जोडता का?