खगोलछायाचित्रणाची पहिली खरेदी : ट्रॅकर, लेन्स की दुर्बीण? (खानापूर, जि. बेळगाव) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला जाऊन-येऊन असतो. कॅनन 1500डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेल्या 18-55 आणि 55-250 मिमीच्या दोन लेन्स आणि एक बऱ्यापैकी जड ट्रायपॉड एवढी सामग्री सध्या हाताशी आहे. आणखी साठ-सत्तर हजार रुपये घालण्याची तयारी आहे. मात्र एवढी रक्कम पुन्हा लवकर उभी राहणार नसल्याने कोणती वस्तू आधी घ्यावी, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मृगातील तेजोमेघ, देवयानी दीर्घिका आणि वृश्चिक-धनू राशींमधला आकाशगंगेचा गाभा हे माझे पहिले विषय आहेत. ग्रहांच्या छायाचित्रणात तूर्त रस नाही, त्यामुळे लांब नळीची परावर्ती दुर्बीण घेण्याचा एका विक्रेत्याचा आग्रह मी बाजूला ठेवला आहे. हलक्या माउंटवर (दुर्बिणीच्या आधारावर) तशी नळी चढवली की वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेला चित्र हलणार, हे उघड आहे.

ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांच्या सरकण्याच्या वेगाने कॅमेरा फिरवत ठेवणारे यंत्र. त्याच्याशिवाय कुठवर मजल जाते, याचा हिशेब मी केला आहे. ताऱ्यांच्या रेघा न उमटता किती सेकंद शटर उघडे ठेवता येते, हे काढण्यासाठी फोकल लेंथने 500 ला भागायचे, या प्रचलित नियमात कॅमेऱ्याचा 1.6 हा क्रॉप गुणक (लहान सेन्सरमुळे धरावा लागणारा) धरला, तर 18 मिमीला सुमारे 17 सेकंद मिळतात, पण 250 मिमीला जेमतेम सव्वा सेकंद. तोही नियम सैलच म्हणायला हवा, कारण विषुववृत्तालगतचा तारा सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो आणि 250 मिमीवर या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण तीन विकलांचा असतो. म्हणजे एका सेकंदात तारा पाच पिक्सेल ओलांडतो. अशी शेकडो छोटी चित्रे घेऊन सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर या मोफत प्रणालींत एकत्र करता येतात आणि मृगातील तेजोमेघ तेवढ्यावरही दिसू लागतो. देवयानीच्या कडेचा फिकट भाग मात्र त्यातून वर येणे अवघड आहे. म्हणून माझा कल आधी ट्रॅकर घेण्याकडे आहे.

खरी अडचण इथूनच सुरू होते. ट्रॅकरचा फिरण्याचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवावा लागतो. आपला अक्षांश साडेपंधरा अंशांच्या आसपास असल्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर राहतो. आमच्या अंगणातून उत्तरेला फणसाचे झाड आहे, ते टाळून शेतात गेलो तरी खानापूरच्या बरोबर उत्तरेला बेळगाव शहर असल्याने ध्रुवतारा नेमका शहराच्या उजेडात आणि धुरकट पट्ट्यात सापडतो. दक्षिणेचे आकाश याउलट छान काळे मिळते. नंदगडच्या बाजूला वस्ती विरळ होत जाते आणि पुढे जंगलच आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून सुमारे 27 अंश वर चढतो, ही चैन युरोपातल्या बहुतेक छायाचित्रकारांच्या नशिबी नाही. (शेतात रात्रीची थ्री-फेज वीज आली की शेजारच्या पंपाच्या खोलीवरचा पांढरा एलईडी दिवा पेटतो, तो वेगळाच. शेजाऱ्यांना विनंती केली आहे.)

ध्रुवतारा दिसत नसताना ट्रॅकरचा अक्ष जुळवण्यासाठी ताऱ्याचे सरकणे पाहून दुरुस्ती करत जाण्याची जुनी पद्धत आहे, हे मी वाचले आहे. खगोलीय विषुववृत्त मृगाच्या बाणातल्या ताऱ्यांजवळूनच जाते, त्यामुळे हिवाळ्यात त्यांचा उपयोग करता येईल असे वाटते. परंतु 1500डीच्या पडद्यावर, संगणक न जोडता, 135 ते 250 मिमीपुरती ही जुळवणी पुरेशी अचूक होते का आणि सरावानंतर तिला साधारण किती वेळ लागतो, हे कोणी प्रत्यक्ष करणाऱ्याने सांगितले तर फार बरे होईल.

दुसरी शंका माउंटच्या बांधणीची आहे. एवढ्या कमी अक्षांशावर ध्रुवाक्ष जवळपास आडवाच होतो, आणि काही माउंटमध्ये तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकतो, असे वाचनात आले. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर 2आय आणि जीटीआय हे दोन पर्याय माझ्यासमोर आहेत. दोघांचीही क्षमता पाच किलोची आहे. जीटीआयमध्ये दोन्ही अक्षांवर मोटर असल्याने तो लक्ष्य स्वतः शोधतो, 2आयमध्ये ते हाताने करावे लागते. आपल्या अक्षांशावर यांपैकी काही वापरले असल्यास दांडा अडतो का, तेवढे कळवावे. अडत असेल तर शेतात लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये रोवून त्यावर ठरावीक कोनाची पाचर बसवण्याचा विचार आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागात लेथ आणि मिलिंगची कामे करणाऱ्यांची कमतरता नाही. नेमके रेखाचित्र मात्र मला हवे आहे.

सीस्टार एस50 या स्वयंचलित दुर्बिणीचाही सल्ला एका मित्राने दिला. ती सोपी आहे हे मान्य, पण तिचे दृश्यक्षेत्र जेमतेम सव्वा अंश लांब आणि पाऊण अंश रुंद, तर देवयानी सुमारे तीन अंशांची. शिवाय मला कॅमेरा शिकायचा आहे.

ट्रॅकर घेऊन पैसे उरले तर सॅमयांगची 135 मिमी एफ/2 लेन्स घ्यावी, की जुनी 55-250 चालवून आधी दवासाठी हीटर पट्टा, पॉवर बँक आणि इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेणारे उपकरण) घ्यावा? नोव्हेंबरनंतर आमच्याकडे पहाटे दव इतके पडते की पुढची काच पुसण्यातच वेळ जाईल, म्हणून माझे मत हीटरच्या बाजूने झुकते. कॅमेऱ्यातली गाळणी काढून घेण्याचा विचार मी पुढे ढकलला आहे. हायड्रोजनचा 656 नॅनोमीटरचा लाल प्रकाश साधा कॅमेरा बराचसा अडवतो हे ठाऊक आहे, पण हाच कॅमेरा घरातल्या कार्यक्रमांनाही लागतो.

शेवटचा प्रश्न पावसाळ्याचा. जूनपासून पुढे चार महिने आकाश दिसत नाही आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलांनाही बुरशी येते. लेन्ससाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते, की विजेवर चालणारे कोरडे कपाट घ्यावेच लागते? कोकण, आंबोली, चंदगड किंवा आमच्या पट्ट्यातल्या कोणी हे सांभाळले असेल, तर त्यांचा अनुभव मला अधिक उपयोगी पडेल. उत्तर देताना आपण कोणत्या अक्षांशावरून छायाचित्रण करता, हेही कृपया लिहावे.