दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील पाटागोनियात शाकाहारी माणसाचा निभाव लागेल का?

प्रश्न (लातूर): डिसेंबरअखेरीस आम्ही उभयता अर्जेंटिनातील एल कालाफातेहून रस्त्याने चिलीतील पुएर्तो नातालेसला जाणार असून वाटेत एखाद्या एस्तान्सियात (तेथील पशुपालनाच्या मोठ्या वाडीत) मुक्काम करण्याचा विचार आहे, आम्ही शाकाहारी आहोत, तर जेवणाचे काय?

उत्तर (परभणी): आधी कळवून ठेवावे, कारण एस्तान्सिया म्हणजे मेंढ्यांची अफाट कुरणे आणि तेथील खरा पाहुणचार म्हणजे विस्तवाशेजारी उभे रोवून भाजलेले कोकरू. कालाफातेपासून सुमारे ८० किलोमीटरवरील पेरितो मोरेनो हिमनदी मात्र चुकवू नये. तिचा कडा सरोवरात कोसळताना तोफेसारखा आवाज होतो.

उत्तर (नांदेड): चटण्या नेल्यास चिलीच्या सीमेवर त्या जाहीर कराव्यात, ताजी फळे व भाज्या तेथे काढून घेतात. डिसेंबरात तेथे उन्हाळा असला तरी वारा भयंकर असतो, म्हणून गाडीचे दार घट्ट धरूनच उघडावे.